जुनं ईसीएम अजून भंगारात दिलं नाहीत ना?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१४ ची ह्युंदाई व्हर्ना १.६ डिझेल, मॅन्युअल गिअर, साधी चावी. जुलैच्या पावसात सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं आणि गाडी बॉनेटपर्यंत भिजली. स्कॅनर ईसीएमशी, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरशी, बोलेना, म्हणून जुन्या पार्टच्या बाजारातून त्याच मॉडेलचं ईसीएम आणून बसवलं. आता स्कॅनर बोलतो, सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही आणि मीटरमधला चावीचा दिवा लुकलुकत राहतो. सर्व्हिस सेंटर म्हणतं नवीन ईसीएम घ्या. गॅरेजवाला म्हणतो इमोबिलायझर, म्हणजे ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा, ‘ऑफ’ करून देतो. मित्र म्हणतो, प्रोग्रॅमिंग करायचंच आहे तर सोबत रीमॅपही मारून घे, म्हणजे ताकद वाढवायला ईसीएममधल्या किमती बदलून घे.

या तिघांपैकी कुणालाही हो म्हणण्याआधी मला सांगा, जुनं ईसीएम कुठं आहे? गॅरेजच्या कोपऱ्यात पडलं असेल तर आजच ताब्यात घ्या, कोरड्या जागी ठेवा आणि ‘एकदा बॅटरी लावून बघू’ म्हणून त्याला करंट देऊ नका. ओल्या बोर्डाला करंट दिला की गंजाचं काम कितीतरी वेगानं होतं. तुमच्या गाडीचा निम्मा इलाज त्या डब्यात आहे. भंगारवाला त्याला शे-दोनशे देईल, तुम्हाला तो हजारोंनी महाग पडेल.

कारण ईसीएम हा रिले किंवा बल्ब नाही, की त्याच नंबरचा आणला आणि बसवला. तुमच्या व्हर्नात बॉशच्या ईडीसी१७ घराण्यातलं ईसीएम आहे. आत इन्फिनिऑनचा ट्रायकोअर मायक्रोकंट्रोलर, आणि त्याच्या मेमरीत तीन वेगवेगळ्या प्रकारचा माल. पहिला, इंजिन चालवायचा प्रोग्रॅम आणि त्याचे नकाशे: कुठल्या आरपीएमला किती डिझेल, किती बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा दाब), ईजीआर (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व) किती उघडायचा. हा त्या मॉडेलच्या, त्या गिअरबॉक्सच्या, त्या उत्सर्जन पातळीच्या सगळ्या गाड्यांत सारखाच असतो. दुसरा, गाडीची ओळख: चेसिस नंबर, इमोबिलायझरचा पिन (गुप्त आकडी कोड), चाव्यांची नोंद, कुठली फीचर्स आहेत त्याचं कोडिंग. तिसरा, फक्त तुमच्या इंजिनाचा: चारही इंजेक्टरचे कोड, ईजीआर व्हॉल्व पूर्ण बंद होतो ती शिकलेली जागा, हवेच्या सेन्सरची दुरुस्ती, वर्षानुवर्षं जमा केलेले बारीकसारीक फरक. जुन्या बाजारातून आणलेलं ईसीएम म्हणजे बदली होऊन आलेला तलाठी: कायदा त्याला पाठ आहे, पण दप्तरात सातबारे दुसऱ्या गावचे आहेत.

आधीच्या पिढीच्या, म्हणजे ईडीसी१६ वगैरे, बोर्डांवर ही ओळखीची माहिती एका वेगळ्या आठ पायांच्या मेमरी चिपमध्ये असायची. जुनी चिप सोल्डरिंगनं काढायची, नव्या बोर्डावर बसवायची, गाडी सुरू. अजूनही पुष्कळ कारागीर हेच सांगतात, ‘चिप काढून लावतो’. ईडीसी१७ मध्ये ती माहिती बहुतेक वेळा मायक्रोकंट्रोलरच्याच पोटात असते. तिथं काढण्यासारखी वेगळी चिप नसते, त्यामुळं असं कुणी सांगत असेल तर बोर्ड त्याच्या हातात देऊ नका.

पण त्याच्याही आधी वायरिंग. भिजलेल्या गाडीत ईसीएमवर सगळ्यांचा राग निघतो आणि खरा गुन्हेगार कपलरमध्ये, म्हणजे वायरिंगच्या प्लगमध्ये, लपून बसलेला असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला पूर आला, त्यानंतर कितीतरी महिने अशा गाड्या येत राहिल्या. त्यातली एक, दुसऱ्या कंपनीची डिझेल, दोन-तीन ठिकाणी ‘ईसीएम गेलं’ असा निकाल घेऊन आली होती. चावी ऑन करून इंजिनवरच्या सेन्सरच्या सप्लाय वायरला मल्टिमीटर लावला. तिथं ५ व्होल्ट हवेत, अर्धा व्होल्टही नव्हता. सेन्सरांना ५ व्होल्ट ईसीएमच पुरवतं, आणि त्या लाईनवर एक जरी सेन्सर शॉर्ट झाला तरी पूर्ण लाईन खाली बसते. काही बोर्ड त्या अवस्थेत स्कॅनरलाही उत्तर देत नाहीत. एकेक कपलर काढत गेलो. रेल प्रेशर सेन्सरचा कपलर सुटला आणि मीटर टुणकन ५ वर आला, स्कॅनरही बोलायला लागला. कपलरच्या आत दोन पिनांच्या मधोमध हिरवट तांब्याचा गंज साचला होता. कपलर बदलला, गाडी त्याच ईसीएमवर सुरू होऊन गेली.

तुमच्या बाबतीत दुसरं ईसीएम बोलतंय, म्हणजे मूळ लाईन ठीक दिसते. तरीही ईसीएमचे दोन्ही मोठे कपलर उघडून पिना भिंगातून बघा. पाणी तांब्याच्या तारेतून, इन्सुलेशनच्या आतून, वर चढत जातं, त्यामुळं वरून कोरडा दिसणारा कपलर आतून ओला असू शकतो. पॉवर आणि अर्थ तपासताना नुसता मीटर लावू नका. एकाच धाग्यावर लटकलेली तार मीटरला १२ व्होल्ट दाखवते आणि लोड आला की कोसळते. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावून बघा, तो लख्ख पेटला पाहिजे. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या (स्कॅनर लावायचं सॉकेट) ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजा, ६० ओहमच्या आसपास आला तर कॅनची, म्हणजे गाडीतली युनिटं एकमेकांशी बोलतात ती, लाईन शाबूत. १२० आला तर एका टोकाचा संबंध तुटलाय. हे सगळं झाल्याशिवाय प्रोग्रॅमिंगचा लॅपटॉप उघडायचाच नाही.

आता लुकलुकणारा दिवा. चावीच्या प्लॅस्टिकमध्ये एक छोटा ट्रान्सपाँडर, म्हणजे ओळख सांगणारी चिप, आहे, इग्निशनच्या भोवती अँटेनाची कडी आहे आणि त्यांच्यामागं स्मार्ट्रा नावाचं छोटं युनिट. चावी ऑन केली की ईसीएम स्मार्ट्रामार्फत चावीला विचारतं, ओळख पटली तर इंजेक्टर उघडतं, नाही पटली तर सेल्फ फिरू देतं पण डिझेल सोडत नाही. तुम्हाला दिसतंय ते नेमकं हेच. म्हणजे ईसीएम बिघडलेलं नाही, ते त्याचं काम चोख करतंय. त्याला त्याच्या मूळ मालकाची चावी हवी आहे.

ह्युंदाईच्या या पद्धतीत ईसीएमच्या अवस्था ठरलेल्या आहेत. कोरं म्हणजे कधीच पिन न शिकलेलं. शिकलेलं म्हणजे एका गाडीच्या पिनशी बांधलेलं. न्यूट्रल म्हणजे पिन पुसून पुन्हा शिकायला मोकळं केलेलं. तुम्ही आणलेलं ‘शिकलेलं’ आहे. स्कॅनरच्या इमोबिलायझर मेनूत त्याची अवस्था दिसते, ती आधी वाचा. शिकलेल्याला न्यूट्रल करायला सहा आकडी पिन लागतो, आणि इथंच बहुतेकांची गाडी अडते, कारण तो पिन तुमच्या गाडीचा नाही, ज्या गाडीतून हे ईसीएम निघालं तिचा. लोक आपल्या गाडीचा पिन टाकत बसतात. लागोपाठ तीनदा चुकला की ईसीएम एक तास कुणाचंच ऐकत नाही, आणि मग ‘हे पण खराब निघालं’ म्हणून तिसरं शोधायला जातात. म्हणून जुनं ईसीएम विकत घेताना विकणाऱ्याकडून त्या गाडीचा चेसिस नंबर घेणं ही औपचारिकता नाही, ती त्या डब्याची चावी आहे.

तुमच्यापुढं म्हणजे तीन सरळ वाटा आहेत.

माझी पहिली पसंती क्लोनिंगला, म्हणजे जुन्या ईसीएमची हुबेहूब नक्कल बदली ईसीएमवर उतरवण्याला. जुन्या ईसीएमचा पॉवरचा भाग जळला असला, तरी मायक्रोकंट्रोलर जिवंत असण्याची शक्यता चांगली असते. बोर्ड बाहेर काढून टेबलावर ठेवायचा, आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं आणि मऊ ब्रशनं साफ करायचा, मंद उष्णतेत वाळवायचा, मग बेंचवरून (गाडीबाहेर, तारा थेट ईसीएमला जोडून) किंवा बूट मोडमध्ये (ईसीएमचा नेहमीचा प्रोग्रॅम सुरू होऊ न देता) आतलं सगळं वाचायचं: प्रोग्रॅमची मेमरी (फ्लॅश) आणि डेटाची फ्लॅश, दोन्ही. वाचन दोनदा करून दोन्ही फाइली अक्षरशः सारख्या आहेत का ते जुळवून घ्यायचं. ओल्या बोर्डाचं एकच वाचन भरवशाचं नसतं. मग बदली ईसीएमची मूळ फाइलही जपून ठेवायची आणि त्यात तुमची लिहायची. असं झालं तर चेसिस नंबर, पिन, चाव्या, इंजेक्टर कोड, शिकलेल्या किमती, सगळं एकदम येतं. गाडीला कळतही नाही की डबा बदललाय. चावी कोडिंग नाही, पिन नाही, काही नाही.

अट एकच, दोन्ही डबे खऱ्या अर्थानं सारखे हवेत. ‘व्हर्ना डिझेल’ एवढं पुरत नाही. १.४ आणि १.६ वेगळे, मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक वेगळे. लेबलवर बॉशचा दहा आकडी नंबर असतो, डिझेलच्या ईसीएमचा ०२८१ नं सुरू होतो. ०२६१ दिसला तर ते पेट्रोलचं आहे. हा हार्डवेअरचा नंबर जुळला पाहिजेच. ३९१ नं सुरू होणारा ह्युंदाईचा पार्ट नंबर आणि सॉफ्टवेअरचा नंबर जुळला तर उत्तम, नाही जुळला तरी क्लोन करताना तुमचंच सॉफ्टवेअर जाणार असल्यानं चालून जातं. न्यूट्रल करून बसवणार असाल तर मात्र सॉफ्टवेअरही तुमच्याच व्हेरिएंटचं हवं. ऑटोमॅटिकचं सॉफ्टवेअर मॅन्युअल गाडीत राहिलं तर ते नसलेल्या गिअरबॉक्सच्या कंट्रोलरला हाका मारत बसेल आणि चेक लाईट कधीच विझणार नाही.

दुसरी वाट, जुन्याचं वाचन होतच नसेल तर. मिळवलेल्या चेसिस नंबरवरून पिन घेऊन बदली ईसीएम न्यूट्रल करायचं, मग तुमच्या गाडीचा पिन देऊन तुमच्या चाव्या शिकवायच्या. तुमचाच पिन का, तर या चाव्यांचे ट्रान्सपाँडर एकदा एका पिनला बांधले की दुसऱ्या पिनला ओळख देत नाहीत. आणि घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या. शिकवण्याच्या वेळी आधीची नोंद पुसली जाते, कपाटात राहिलेली दुसरी चावी त्यानंतर फक्त दरवाजा उघडेल. तुमच्या पिनसाठी सर्व्हिस सेंटरला आरसी आणि ओळखपत्र दाखवावं लागेल, ते मागतात यात गैर काही नाही. बटण स्टार्टची गाडी असती तर स्मार्ट कीचं वेगळं युनिट मध्ये आलं असतं आणि गुंता वाढला असता, पण तुमची साधी चावी आहे.

तिसरी वाट नवीन ईसीएम. सर्व्हिस सेंटर ती सुचवतं यामागं फक्त पैसा नाही. त्यांच्या पद्धतीत दुसऱ्या गाडीचा पिन मागवणं किंवा बेंचवर बोर्ड वाचणं बसतच नाही, त्यांना कोरा डबा आणि ठरलेली पायरी हवी असते. विम्याचा दावा चालू असेल तर सर्व्हेअरही नव्या पार्टचंच बिल मान्य करेल, मग जुन्याच्या खटपटीत पडूच नका. फक्त नवीन आलं म्हणजे काम संपलं असं समजू नका. कोऱ्या डब्यात योग्य सॉफ्टवेअर भरणं, चेसिस नंबर लिहिणं, पिन आणि चाव्या शिकवणं, व्हेरिएंट कोडिंग आणि इंजेक्टर कोड, एवढं सगळं व्हायला हवं. बिलावर नुसतं ‘ईसीएम रिप्लेसमेंट’ लिहिलेलं असेल तर यातलं काय काय केलं ते विचारून घ्या.

गॅरेजवाल्याच्या ‘इमो ऑफ’ला माझं स्पष्ट नाही आहे. त्यात प्रोग्रॅममधला चावी तपासायचा भागच निकामी करतात. गाडी सुरू होईल, आजच होईल. पण त्यानंतर कुठल्याही चावीवाल्यानं घासून दिलेल्या साध्या पात्यावर ती सुरू होईल, आणि गाडी चोरीला गेली तर विमा कंपनीला काय सांगणार? शिवाय अशा घाईच्या पॅचमध्ये पुढं सॉफ्टवेअर अपडेट करायची वेळ आली की सगळं पुन्हा उलटतं. बोर्ड वाचता येत असेल तर तेवढ्याच कष्टात नीट क्लोन होतो. जो ऑफ करू शकतो तो क्लोन का करत नाही, हे त्याला विचारून बघा.

ईसीएममध्ये फाइल लिहिण्याच्या वेळी गाड्या मरतात त्या बहुतेक व्होल्टेजमुळं. ओबीडी सॉकेटमधून फ्लॅश करताना, म्हणजे नवा प्रोग्रॅम भरताना, लॅपटॉप ईसीएमला प्रोग्रॅमिंगच्या अवस्थेत नेतो, कुलूप उघडायला सवाल-जवाब होतो, मग जुनी मेमरी पुसली जाते आणि नवी फाइल तुकड्या-तुकड्यांनी जाते. पुसणं आणि लिहून संपणं यांच्यामधल्या काळात ईसीएमला इंजिन म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. या वेळेत काही गाड्यांचा रेडिएटरचा पंखा आपोआप फुल स्पीडला जातो आणि तो बॅटरीतून दणकून करंट ओढतो. पावसात महिनाभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी तिथं मान टाकते. साधा चार्जर लावून भागत नाही, त्याच्या व्होल्टेजमध्ये चढउतार असतो. १३ ते १३.५ व्होल्टवर स्थिर राहणारा आणि पंख्याचा भार पेलणारा सप्लाय हवा. एसी, ब्लोअर, हेडलाईट, म्युझिक बंद. दरवाजे उघडझाप करायचे नाहीत. लॅपटॉप चार्जरवर, स्क्रीन झोपायची सेटिंग बंद, वायरलेसऐवजी केबल.

आणि मध्येच थांबलं तर? घाबरून बॅटरीची वायर उपसू नका. ईसीएमच्या मेमरीत बूटलोडरचा, म्हणजे नवी फाइल आत घेणाऱ्या प्रोग्रॅमचा, छोटा भाग असतो, साध्या फ्लॅशिंगमध्ये त्याला हात लागत नाही. त्यामुळं अर्धवट लिहिलेला डबा इंजिन चालवू शकत नसला तरी फाइल पुन्हा घ्यायला तयार असतो. सप्लाय तपासा, त्याच टूलनं पुन्हा सुरू करा. ‘मेलेले’ म्हणून आलेले बरेच डबे असेच परत उठतात, नाहीतर बेंच आहेच. स्वस्तातल्या नकली टूलवर मात्र माझा भरवसा नाही. वाचताना बरोबर वाटणारं टूल लिहिताना चेकसम (फाइल शाबूत आहे का ते तपासायचा आकडा) चुकवून बसतं.

इंजेक्टर कोडबद्दल जरा थांबून लिहितो, कारण क्लोन सोडून बाकी दोन्ही वाटांवर सगळ्यात जास्त वेळा हीच पायरी सुटते, आणि तरी गाडी सुरू होते. कारखान्यात कुठलेही दोन इंजेक्टर अगदी सारखे निघत नाहीत. एकाच दाबाला, तेवढाच वेळ उघडला तरी एक चिमूटभर जास्त सोडतो, दुसरा कमी. म्हणून बॉश प्रत्येक इंजेक्टर वेगवेगळ्या दाबांवर आणि मात्रांवर तपासतं आणि त्याचा फरक एका छोट्या कोडमध्ये भरून डोक्यावर छापतं. तुमच्या गाडीत तो सात अक्षरांचा आहे. ईसीएम तो वाचून प्रत्येक सिलिंडरचा वेळ बारीक कमी-जास्त करतं. बदली ईसीएममध्ये दुसऱ्या गाडीचे कोड असतील तर आयडलला हलकी थरथर, थंडीत ठकठक, अॅव्हरेज थोडं कमी, असलं काहीतरी राहतं. मालक म्हणतो ‘पाण्यात गेल्यापासून गाडी पहिल्यासारखी नाही’ आणि मग नोझल, पंप, सगळ्यांवर खर्च होतो.

जुनं ईसीएम स्कॅनरला उत्तर देत असतं तर कोड आधीच वाचून घेता आले असते. आता इंजिनचं कव्हर काढून, इंजेक्टरचं डोकं डिझेलनं पुसून, मोबाइलनं चारही फोटो काढा. कोड टाकताना सिलिंडरचा क्रम १, २, ३, ४ असा, टायमिंग चेनच्या बाजूनं मोजायचा. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, त्या क्रमानं टाकणारे महाभाग आहेत. एखादं अक्षर चुकलं तर स्कॅनर बहुतेक वेळा नाकारतो. बरोबर कोड चुकीच्या सिलिंडरला टाकला तर कुणीच नाकारत नाही.

हे झालं की शिकलेल्या किमती रीसेट करून चालवून बघायचं. इंजिन गरम होऊ द्या, मग स्कॅनरवर मागितलेला रेल प्रेशर (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला दाब) आणि प्रत्यक्षातला शेजारी-शेजारी ठेवून बघा, चारही सिलिंडरच्या दुरुस्त्या एकमेकींच्या जवळ आहेत का बघा. दोन-तीन दिवस गावात आणि हायवेवर मिळून चालवा, उतारावर गिअरमध्ये पाय सोडूनही. कित्येक बारीक दुरुस्त्या ईसीएम तेव्हाच शिकतं, जेव्हा इंजिन फिरतंय पण डिझेल मागत नाही. शेवटी स्कॅनरच्या जनरल ओबीडी मेनूतला नऊ नंबरचा मोड उघडा. भारतात एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ आहे, त्यामुळं तुमच्या २०१४ च्या गाडीत तो असणार. तिथं चेसिस नंबर, कॅलिब्रेशनचा (इंजिनाच्या नकाशांच्या संचाचा) नंबर आणि त्याची पडताळणी संख्या दिसते. चेसिस नंबर आरसीशी जुळत नसेल तर काम अर्धवट आहे. उद्या गाडी विकताना घेणाऱ्यानं स्कॅनर लावला आणि दुसऱ्याच गाडीचा नंबर निघाला, तर तुम्ही पुराची गोष्ट सांगाल, पण त्याला चोरीची गाडी दिसेल.

याच कारणानं बदली ईसीएमचं पक्कं बिल घ्या. विकणारा त्या गाडीचा चेसिस नंबर द्यायला टाळत असेल तर डबा परत करून पैसे मागा.

‘हे काम फक्त कंपनीतच होतं’ असं तुम्हाला ऐकवलं जाईल. स्पेअर पार्ट आणि निदानाची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मोकळेपणानं मिळत नाहीत, या मुद्द्यावर ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला होता. प्रकरण पुढं वर गेलं, ते असो. आज चांगलं टूल, चांगला सप्लाय आणि बोर्ड वाचायची समज असलेला माणूस पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरातही मिळतो. त्याला ओळखायचं कसं? तो आधी जुनं ईसीएम मागतो.

राहिला रीमॅप. हार्डवेअर बदललं असेल तर सॉफ्टवेअर बदलावंच लागतं, हे खरं. ईडीसी१७ मध्ये पायाखालच्या पेडलचा अर्थ आधी टॉर्क असा लावला जातो, टॉर्कवरून डिझेलची मात्रा ठरते, आणि मग एक तक्ता सांगतो की ४० मिलिग्रॅम हवेत, रेलमध्ये १,२०० बार आहेत, तर इंजेक्टर किती मायक्रोसेकंद उघडा ठेवायचा. मोठ्या नोझलचे इंजेक्टर बसवले की हा तक्ता खोटा ठरतो: ईसीएमला वाटतं ४० सोडले, प्रत्यक्षात ५० गेले. टर्बो बदलला तर बूस्टचं लक्ष्य, टर्बोच्या पात्यांचं नियंत्रण आणि धुराची मर्यादा सांगणारा तक्ता, तिन्ही एकत्र हलवावे लागतात. त्यातला एकच हलवणारे ट्यूनर पुष्कळ आहेत, गाडी पळते आणि मागं काळा पडदा सोडते.

तुमच्या गाडीत यातलं काहीही बदललेलं नाही. कंपनीचे १२८ पीएस आणि २६० न्यूटन मीटर तिला पुरे आहेत. दहाएक वर्षं झालेला क्लच आणि पाण्यातून निघालेलं इंजिन, त्यावर वाढीव टॉर्क कशाला? कायद्याची बाजूही बघा. त्याच नंबरचं ईसीएम, त्याच सॉफ्टवेअरसह बसवणं ही दुरुस्ती आहे. कॅलिब्रेशन बदलणं हा बदल आहे, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेपासून वेगळं काही करायला मनाई करतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पीयूसीत बीएस-४ डिझेलची धुराची मर्यादा प्रति मीटर १.६२ आहे, हौशी फाइल ती सहज ओलांडते. नुसत्या सॉफ्टवेअरनं काय होतं याची शंका असेल तर फोक्सवॅगन आठवा: डिसेंबर २०१५ मध्ये भारतात सुमारे ३.२३ लाख डिझेल गाड्या परत बोलावण्याचं जाहीर झालं, ते गाडीतल्या प्रोग्रॅमपायीच.

तरीही कधी करायचाच झाला तर या कामासोबत करू नका. आधी मूळ फाइलवर दोन-तीन हजार किलोमीटर चालवा, म्हणजे पुढं काही बिघडलं तर पाण्यामुळं की फाइलमुळं हा वाद उरणार नाही. आणि आत्ता जो कुणी क्लोन करेल त्याच्याकडून तुमच्या ईसीएमची दोन्ही वाचनं पेन ड्राइव्हवर मागून घ्या, फाइलच्या नावात गाडीचा नंबर आणि तारीख टाकून. द्यायला तो नाही म्हणाला तर पैसे देण्याआधी म्हणू द्या, नंतर नको.